बुसानच्या पायऱ्या

बुसान म्हणजे ‘हंड्याचा डोंगर’. कोण्या काळी कोणाला इथला एक डोंगर उपड्या हंड्यासारखा दिसला आणि तेच नाव शहराला चिकटले. कोरियाच्या आग्नेय टोकाला, समुद्र आणि डोंगर यांच्या चिमटीत हे शहर सापडले आहे. वस्ती ३२-३३ लाखांची, म्हणजे सेऊलच्या खालोखाल. बंदर तर एवढे अवाढव्य, की रात्री तिथल्या याऱ्यांचे दिवे पाहून मुंबईच्या माणसालाही क्षणभर गप्प बसावे लागते! हेउंदेची पुळण, तिच्या काठावरची शंभरावर मजल्यांची इमारत, १९९६ पासून भरणारा चित्रपट महोत्सव, हे सारे प्रवासी कंपन्यांच्या चोपड्यांत रंगीत चित्रांसह मिळते. ते तिथेच पाहावे. मला सांगायचे आहे ते इथल्या पायऱ्यांविषयी.

समुद्रविज्ञान शिकायला इथे येऊन मला दोन वर्षे झाली. राहते ती आमीदोंग नावाच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत, एका आजीबाईंच्या घरी. बसचा थांबा खाली, घर वर, आणि मध्ये एकशे तीस पायऱ्या. पहिला आठवडा त्या मी मोजल्या; पुढे माझे गुडघे मोजू लागले. लहानपणापासून पर्वती चढलेल्या पुणेकरणीची ही कथा, मग इतरांचे काय सांगावे?

भाषेचे मात्र फारसे ओझे वाटले नाही. मराठीप्रमाणे इथेही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ‘तू, तुम्ही, आपण’ यांसारखा मानाचा हिशेब त्या क्रियापदातच सांभाळावा लागतो. म्हणून तर ओळख होताच लोक वय विचारतात. त्यात आगाऊपणा नसतो. कोणते क्रियापद वापरावे, एवढीच पंचाईत असते. वडिलांना इथेही ‘आप्पा’ म्हणतात, हे कळले त्या दिवशी परदेश जरा जवळ सरकला. चपला दारात, बसणे-झोपणे जमिनीवर. आणि ती जमीन खालून अशी ऊबदार केलेली, की हिवाळ्यात सकाळच्या तासाला उठणे जिवावर यावे. शाकाहारी मंडळींची मात्र खरी परीक्षा आहे. साध्या कोबीच्या लोणच्यातही बहुधा मासळीचे खारवण असते. मी मासे खाणारी, म्हणून निभावले.

आता, एवढा समुद्रकिनारा सोडून माणसे डोंगरावर का चढली? त्याचे उत्तर १९५० सालात आहे. त्या वर्षीच्या २५ जूनला युद्ध पेटले. तीन दिवसांत सेऊल पडले आणि ऑगस्टपर्यंत दक्षिणेच्या हाती देशाचा आग्नेय कोपरा तेवढा उरला. बुसान पडले नाही. युद्धाच्या बहुतेक काळात तीच तात्पुरती राजधानी होती. साऱ्या देशातून निर्वासितांचे लोंढे इथे येऊन थडकले आणि शहराची वस्ती पाहता पाहता दुपटीच्या घरात गेली. सपाट जागा संपली, तेव्हा लोक फळ्या, पुठ्ठे, अमेरिकन लष्कराच्या डब्यांचे पत्रे, हाती लागेल ते घेऊन डोंगर चढले. सगळ्यांत उशिरा आलेल्यांच्या वाट्याला आमीदोंगसारखी जागा आली. ही जागा म्हणजे जपानी लोकांची दफनभूमी. १९१० ते १९४५ जपानने कोरियावर राज्य केले; गेले तेव्हा थडगी मागेच राहिली. त्या थडग्यांचे चिरे कुणी पायात घातले, कुणी भिंतीत, कुणी पायरीला. आजही गल्लीतून जाताना कोपऱ्यावरच्या दगडात कोरलेली अक्षरे दिसतात, आणि त्यावर कोणाचा तरी गॅसचा सिलिंडर उभा असतो.

त्या काळाच्या खुणा शहरभर आहेत. मिलम्यॉन नावाच्या गार शेवया इथे उन्हाळ्यात सारे चवीने खातात. उत्तरेकडच्या माणसांना कुट्टूच्या शेवयांची सवय. ते पीठ इथे मिळेना, तेव्हा मदत म्हणून आलेल्या गव्हाच्या पिठावर त्यांनी भागवले. आप्पा बळवंत चौकात वाढलेल्या माझ्यासारखीला सर्वांत प्रिय, ती पोसूदोंगची जुन्या पुस्तकांची गल्ली. उत्तरेकडून आलेल्या एका जोडप्याने अमेरिकन छावणीतून आलेली जुनी मासिके मांडली आणि तिथून ती सुरू झाली. तिथल्या एका वृद्ध दुकानदाराने मी ‘इंदो’ची, म्हणजे हिंदुस्थानची, हे कळताच पुस्तकाचे पैसे कमी केले. १९५० च्या नोव्हेंबरात कर्नल रंगराज यांचे आपले लष्करी वैद्यकीय पथक याच बंदरात उतरले होते. आणि तहानंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांवर देखरेख करायला आलेल्या भारतीय फौजेचे सेनापती होते आपले कोल्हापूरकडचे जनरल थोरात. आमच्या शाळेच्या पुस्तकात यातले काही नव्हते. ते एका कोरियन रद्दीवाल्याकडून कळावे, याची थोडी शरम वाटली खरी.

पण सर्वांत मोठी खूण म्हणजे योंगदोचा पूल. १९३४ साली बांधलेला. जहाजे जाण्यासाठी त्याचा एक भाग वर उचलला जाई, त्यामुळे देशभर नाव झालेला. ताटातूट होताना माणसांना बुसानमधले दुसरे काहीच ठाऊक नव्हते, म्हणून जो तो सांगे, ‘योंगदोच्या पुलावर भेटू.’ मग पुलावर नावांच्या चिठ्ठ्या झुलू लागल्या आणि पुलाखाली ज्योतिष्यांनी बस्तान मांडले. हरवलेला माणूस जिवंत आहे का, एवढा एकच प्रश्न. गिऱ्हाईकांना तोटा नव्हता. पूल उचलणे १९६६ साली थांबले. २०१३ पासून पुन्हा तो ठरल्या वेळी उचलतात आणि लोक छायाचित्रे काढतात.

आमच्या आजी, इकडच्या भाषेत ‘हाल्मोनी’, त्या पुलावर जात नाहीत. १९५० च्या डिसेंबरात हंग्नाम बंदरातून सुमारे एक लाख नागरिकांना जहाजांनी दक्षिणेकडे हलवले. एका मालवाहू जहाजावर तर चौदा हजार माणसे होती. बुसानमध्ये जागा नाही म्हणून त्यांना कॉजे बेटावर नेऊन उतरवले. वाटेत त्या जहाजावर पाच मुले जन्मली! आजी तेव्हा सहा वर्षांच्या. त्यांचे जहाज कोणते, त्यांना ठाऊक नाही. आईच्या पाठीवरचा ओला दुपट्टा तेवढा आठवतो. वडील म्हणाले होते, ‘चार दिवसांत येतो, पुलावर थांबा.’ आईने जागालचीच्या बाजारात मासे विकले आणि संध्याकाळी लेकीला घेऊन ती पुलावर जात राहिली. १९८३ साली सेऊलच्या दूरचित्रवाणीने ताटातूट झालेल्यांसाठी १३८ दिवस कार्यक्रम चालवला. दहा हजारांवर कुटुंबे भेटली. आई छातीवर नावाची पाटी लावून तिथेही जाऊन आली.

आता ही वस्ती ओसरते आहे. तरुण मंडळी सेऊलला जातात. आमच्या गल्लीत अकरा घरे, पैकी पाचांना कुलूप. शेजारच्या कामचॉनला २००९ पासून रंगरंगोटी झाली आणि प्रवासी लोटले. वस्ती जगली, हे चांगलेच झाले. पण वाळत घातलेल्या लुगड्यासकट परक्यांनी आपले चित्र काढावे, हे मला तरी सोसले नसते.

आपल्याकडे पितृपक्ष लागतो, त्याच सुमारास आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला इथे ‘चुसॉक’ असतो. सारे शहर गावाकडे, पूर्वजांच्या थडग्यांवर जाते. आजींचे पूर्वज सरहद्दीपलीकडे. या वर्षी त्यांनी घरातच पाने मांडली, उत्तरेकडे तोंड करून नमस्कार केला, आणि मग एका वाटीत भात घेऊन बाहेर आल्या. दाराची दुसरी पायरी थडग्याच्या चिऱ्याची आहे. तिच्यापाशी वाटी ठेवून त्या थोडा वेळ उकिडव्या बसल्या. ‘दरवर्षी ठेवते,’ म्हणाल्या. ‘आईही ठेवायची.’

दगडावरची अक्षरे पुसट होती, पण मोबाइलने वाचता आली असती. मी म्हटले, ‘आजी, नाव वाचून सांगू का?’

‘नको ग,’ त्या म्हणाल्या. ‘नाव कळले की त्याच्या घरच्यांना शोधावेसे वाटेल. एवढ्या पायऱ्या उतरायचे माझे वय राहिले नाही आता.’