आत्याच्या कोंबड्या

पंचतंत्रातले करटक आणि दमनक वर्गात शिकवता शिकवता माझी वीस वर्षे गेली; पण खरा लबाड भेटला तो अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या आत्याच्या अंगणात. काळविटांसाठी १९८० साली राखलेले रेहेकुरीचे अभयारण्य तिथून जवळच. आसपास सगळा उघडा माळ, बाभळी आणि ज्वारीची शेते.

आठ दिवसांत आत्याच्या तीन कोंबड्या गेल्या होत्या. अंड्यांच्या पैशांवर तिचे मीठमिरची चालते. कुत्रा रात्री राखणीला मळ्यात गेला, की चोर हजर! आतेभावाने तर विषाची पुडीच आणून ठेवली होती.

त्या रात्री आम्ही ओसरीवर जागत बसलो. पहाटे चोर आला. तो कोल्हाही नव्हता! मांजराहून थोडे मोठे, झुपकेदार शेपटीचे टोक काळे, असे ते खोकड होते. खुराड्याच्या फळीखालची माती उकरत होते. चाहूल लागताच पसार झाले.

मी १९७२ चा वन्यजीव कायदा सांगू लागलो. आत्याने मध्येच तोडले, "इख आपलाच कुत्रा खाईल. आन् ते खोकड उंदरं बी खातंय. उंदरं माजली, तर ज्वारी कोन राखंल?"

सकाळी तिने खुराड्याभोवती दगड पुरून घेतले, फटी बुजवल्या आणि दिवेलागणीच्या आत कोंबड्या मोजून कोंडल्या.

तिसऱ्या दिवशी दगडांपाशी नखांचे ओरखडे होते. आत नऊच्या नऊ कोंबड्या होत्या. आतेभाऊ पुडी दुकानात परत करायला निघाला. त्याच्याच मोटारसायकलवर बसून मी एस. टी. चा फाटा गाठला.