बाईंचं देणं

बाईंनी मला अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवलं. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, साल १९८६ ते ८८. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. आज मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे ती त्यांच्यामुळे. डीएमएलटीचा फॉर्म त्यांनीच आणला, पहिली फी त्यांनीच भरली आणि पुढे कधी तो विषय काढू दिला नाही. हे देणं एक वेळ फेडता आलं असतं. दुसरं फिटण्यातलं नाही, आणि मला त्याबद्दलच लिहायचंय.

वर्गात कुणी काही ठामपणे सांगितलं की बाई विचारायच्या, "कशावरून?" पुस्तकात दिलंय म्हटलं की, "लिहिणाऱ्याला कशावरून कळलं?" एकदा अणुकेंद्राचा धडा चालू असताना त्या म्हणाल्या, "तुमच्या रक्तातलं लोह ताऱ्यात तयार झालंय." मग खडू खाली ठेवून आमच्याकडे बघत राहिल्या. "विचारा की आता मला!"

मी विचारलं. उत्तर पुढचं जवळजवळ वर्षभर चाललं.

सुरुवात त्यांनी टेक्नेशियमपासून केली. हे मूलद्रव्य माणसाने पहिल्यांदा ओळखलं ते १९३७ साली, तेही प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार झालेलं. त्याचा एकही समस्थानिक टिकाऊ नाही. सगळ्यात चिवट समस्थानिकाचं अर्धायुष्य सुमारे ४२ लाख वर्षं, आणि पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी. म्हणजे पृथ्वीच्या जन्मावेळी जे असेल ते केव्हाच संपलं. पण १९५२ मध्ये पॉल मेरिल यांना काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात याच टेक्नेशियमच्या रेषा सापडल्या. देवयानी तारकासमूहातला एक तारा त्यांतलाच. हे तारे त्या अर्धायुष्याच्या कितीतरी पट जुने. तेव्हा ते टेक्नेशियम त्यांना जन्मतः मिळालेलं असणं शक्य नाही. ते तिथेच, ताऱ्याच्या पोटात, आजही तयार होतंय आणि ढवळून वर येतंय. इतका स्वच्छ पुरावा मी त्यानंतर क्वचितच पाहिला. कुणी ताऱ्यात उतरलं नाही, तिथला कणभरही हाती आला नाही, फक्त प्रकाश वाचला आणि उलगडा झाला.

लोहाची साक्ष तर आमच्या डोळ्यांदेखत आली. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलन मेघात एका ताऱ्याचा स्फोट झालेला दिसला. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा इतका ठळक अतिनवतारा १६०४ नंतर पहिलाच. आपल्याकडून तो बघण्याची सोय नव्हती, तो भाग दक्षिणेला क्षितिजाशी चिकटलेला असतो. बाईंनी वर्तमानपत्रांतली, मासिकांतली कात्रणं जमवली. अशा स्फोटात निकेल-५६ तयार होतं, सुमारे सहा दिवसांत ते निम्मं होऊन त्याचं कोबाल्ट-५६ होतं, आणि हे कोबाल्ट ७७ दिवसांत निम्मं होत होत शेवटी लोह बनतं. ताऱ्याचा प्रकाश पुढे मावळत गेला तो याच ७७ दिवसांच्या चालीने. उपग्रहाने कोबाल्टचे गॅमा किरणही टिपले. आलेखाच्या कागदावर ती उतरती रेघ बाईंनी माझ्याकडून काढून घेतली. लोह जन्माला येताना जगाने ज्या वर्षी बघितलं त्या वर्षी मी सतरा वर्षांची होते, आणि ते मला दाखवणारं माणूस माझ्या वर्गात उभं होतं. याला मी भाग्य म्हणते.

बाईंकडे एक जाड वही होती. पुण्याला बहिणीकडे सुट्टीला गेल्या की त्या विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून एक निबंध हाताने उतरवून आणायच्या. मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉयल या चौघांचा १९५७ चा, शंभराहून अधिक पानांचा. विश्वाच्या आरंभी हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढंच होतं. बाकीचं जवळपास सगळं ताऱ्यांनी कसं घडवलं, त्याची पहिली सविस्तर मांडणी या निबंधात आहे.

त्यातलं कार्बनचं प्रकरण बाईंना सगळ्यात प्रिय. दोन हेलियम एकत्र आले की बेरिलियम होतं आणि ते तत्क्षणी फुटतं. तिसरं हेलियम येऊन मिळायला वेळच उरत नाही, मग कार्बन इतका आला कुठून? हॉयल यांनी १९५३ मध्ये उलटा विचार केला. कार्बन तर आहे, आपण त्याचेच बनलो आहोत. तेव्हा त्याच्या अणुकेंद्राला एका ठरावीक ऊर्जेची पातळी असलीच पाहिजे, म्हणजे ही जुळणी सोपी होईल. त्यांनी कॅलिफोर्नियात फाउलर यांच्या प्रयोगशाळेत जाऊन ती शोधायला लावली. ती सापडली, ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टला, हॉयल यांच्या अंदाजाच्या अगदी जवळ. पुढे १९८३ चं नोबेल फाउलर यांना चंद्रशेखर यांच्याबरोबर मिळालं, हॉयल यांना नाही. बाईंना हा अन्याय वाटायचा, मलाही वाटतो. हॉयल यांचे शिष्य जयंत नारळीकर मूळचे कोल्हापूरचे, हे बाई आवर्जून सांगायच्या. त्या निबंधाच्या वर्षीच ते केंब्रिजला शिकायला गेले होते.

निबंधावर पहिलं नाव मार्गारेट यांचं. माउंट विल्सनच्या दुर्बिणीवर तेव्हा बायकांना वेध घ्यायला वेळ मिळत नसे. म्हणून अर्ज नवऱ्याच्या नावाने, आणि त्या कागदोपत्री त्याच्या मदतनीस. प्रत्यक्षात रात्र-रात्र वर्णपट घेणाऱ्या त्याच. बाईंनी एमएस्सीनंतर संशोधनाला जायचं ठरवलं होतं, घरच्यांनी पाठवलं नाही. हे त्या मला एकदाच बोलल्या, स्टँडवर एसटीची वाट बघताना. पुन्हा कधी नाही.

रक्तपेढीत दात्याच्या बोटाचा थेंब आम्ही मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतो. थेंब वेळेत बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं, तरंगला तर त्या माणसाला परत पाठवायचं. नव्या मुली कामावर आल्या की मी त्यांना विचारते, थेंब बुडाला म्हणजे लोह पुरेसं, हे कशावरून? घनतेपर्यंत त्या आपल्या आपण पोचतात. मग मी त्यांना त्या लोहाचं पुढचं घराणं सांगते, बाईंनी सांगितलं त्याच क्रमाने.

ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली गेली. सोन्या-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं अशा ठिकाणी घडतात, याचा तो भक्कम पुरावा. पुढे त्या टकरीच्या प्रकाशात स्ट्रॉन्शियमही ओळखता आलं. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही या टकरीचे वेध घेतले. बाई त्याआधीच गेल्या होत्या. बातमी वाचून मी आधी त्यांच्या बहिणीला फोन केला, दुसरं कुणाला सांगावं ते सुचेना.

रक्ताच्या एका साडेतीनशे मिलिलिटरच्या पिशवीतून साधारण दीडशे मिलिग्रॅम लोह एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद असतात, शिबिरं होत नाहीत आणि आमची कपाटं रिकामी पडतात. तुमचं वय १८ ते ६५ असेल, वजन ४५ किलोच्या वर असेल आणि थेंब बुडत असेल, तर या उन्हाळ्यात जवळच्या रक्तपेढीत जाऊन या.