शेतकऱ्याखालची लाल रेघ

मराठीला चांगला, मुक्त शुद्धलेखन तपासनीस हवा, हे वाक्य प्रत्येक बैठकीत येतं आणि त्याला टाळ्या पडतात. ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात दर्जा मिळाल्यावर टाळ्या वाढल्या, वाक्य तसंच राहिलं. मागणी रास्त आहे. तिला हात कुठून घालायचा, एवढंच कुणी सांगत नाही.

अशा तपासनीसासाठी आम्ही शब्दयादी करतो; त्या कामात आमच्याच काष्टी गावातली एक कॉलेजातली मुलगी आली. "सर, कल्पना पटली. पण आज रात्री जेवणं झाल्यावर मी नेमकं काय करू?" तिच्या या प्रश्नापासून मी कोड कमी आणि कामं जास्त लिहितो.

काम लिहिणं कोडपेक्षा अवघड आहे. तुकडा एवढा लहान हवा की एका बैठकीत संपावा, आणि एवढा मोठा की संपल्यावर काहीतरी खरोखर बदलावं. हे माप मला अजून हमखास जमत नाही. आमची यादी ज्यावर चालते ते मुक्त सॉफ्टवेअर, हनस्पेल, जन्मलं हंगेरियनसाठी. एकावर एक दोन प्रत्यय ते सोडवतं. आपलं 'घरासमोरच्यालासुद्धा' त्यात सहज मावत नाही. 'प्रत्ययांची साखळी सोडवा' असं काम मांडलं की ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. म्हणून मी दुसरीकडून सुरुवात केली. 'ला' लागला की उपान्त्य ई-ऊ ऱ्हस्व होतात: विहीर–विहिरीला, ऊस–उसाला, पण शरीर–शरीराला, कारण तो तत्सम. माणसाला एवढा नियम पुरतो, यंत्राला प्रत्येक नामापुढे खूण लागते. उपान्त्य अक्षर दीर्घ असलेली चाळीस नामं मी तिला काढून दिली आणि प्रत्येकाला 'ला' लावून लिही म्हटलं. ते झालं, आणि ती पुन्हा आली.

मग तिनं शनिवारच्या जनावरांच्या बाजारातले शब्द आणले: खोंड, कालवड, गाभण, गोऱ्हा. गोऱ्हा यादीत घातला तरी त्याखाली लाल रेघ. यादीतला आणि टाइप केलेला, डोळ्यांना दोन्ही गोऱ्हे सारखेच. आत मात्र एक 'ऱ' आणि हलन्तानं लिहिलेला, दुसरा साधा 'र', हलन्त आणि एका अदृश्य जोडचिन्हानं. 'मराठी टंकलेखनातला गोंधळ संपवा' ही जुनी मागणी इथं एका ओळीत मावली: तपासण्याआधी दुसरं रूप पहिल्यात बदलून घ्यायचं. हनस्पेलच्या अफिक्स फाइलमध्ये, म्हणजे प्रत्ययांचे नियम असतात त्या फाइलमध्ये, तशी सोय आहे. चाचणीला शेतकऱ्याला, वाऱ्यावर, कुऱ्हाड, बिऱ्हाड.

ती ओळ तिनं लिहिली. मला स्वतःला लिहायची होती. बदलांच्या नोंदीत आपलं नाव दिसावं ही हौस मला आहे, आणि असं सुबक काम दुसऱ्याच्या हाती देताना ती टोचते.

दोन दिवसांच्या हॅकाथॉनवर माझा विश्वास उरलेला नाही. प्रमाणपत्रं वाटली जातात आणि सोमवारी त्या कोडला वाली नसतो. मोठ्या कंपन्यांचे कळफलक शब्द शिकतात, पण शिकलेलं त्यांच्याकडेच राहतं. हनस्पेलची यादी कुणालाही उघडून पाहता येते, दुरुस्त करता येते. तीच लिबरऑफिसमध्ये चालते, फायरफॉक्समध्येही.

तेव्हा वाचकांनो, तुमच्या धंद्यातले वीस शब्द कागदावर काढा. प्रत्येकाशेजारी अनेकवचन आणि 'ला' लागल्यावरचं रूप लिहा; व्याकरण आलं नाही तरी चालेल, जसं बोलता तसं लिहा. आमच्याकडे गोठ्यातले शब्द झालेत. गुऱ्हाळातले अजून कुणी घेतलेले नाहीत.