भीती ओसरते तेव्हा

काही न घडता बाजार चढतो, हे माझ्या भाच्याने मला प्रथम सांगितले तेव्हा मला ते मुळीच पटले नाही. कादंबरीकाराचा धंदा कारणांवर चालतो. माझ्या कादंबरीत कोणाला नुसते हसू आले, तरी मागल्या प्रकरणात त्याची तजवीज करून ठेवावी लागते. आणि इथे म्हणे बाजार वर जातो तो काही घडले म्हणून नव्हे, तर जे घडेल असे भय होते ते घडले नाही म्हणून!

भाचा माझ्या थोरल्या बहिणीचा. नोकरी सोडून त्याला वर्ष झाले. घरी बसून ऑप्शन विकतो. भाऊजी निवृत्त झालेले. शाळा सुटल्यावर मी ताईकडे चहाला डोकावतो, तेव्हा हे शास्त्र माझ्या कानांवर पडते. आणि खोटे कशाला सांगू, शास्त्र मोठे देखणे आहे.

ज्याला बाजार पडण्याची धास्ती, तो ‘पुट’ घेतो. म्हणजे ठरल्या भावाला विकण्याचा हक्क. एक प्रकारचा विमाच तो. तो विकणारी मोठी पेढी मात्र देवावर भार टाकून झोपत नाही. बाजार पडला तर भरपाई द्यावी लागणार, म्हणून ती निर्देशांकाचे वायदे आधीच विकून ठेवते. एका हाताने गेले तर दुसऱ्या हाताने यावे. पुढे दिवस सरतात, मुदत जवळ येते, भीती ओसरते. विमा वापरला जाण्याचा संभव उतरला, की एवढे वायदे विकून ठेवण्याचे कारण उरत नाही. पेढी ते परत विकत घेऊ लागते. त्या खरेदीने बाजार थोडा चढतो. चढला म्हणून भीती आणखी उतरते. उतरली म्हणून पुन्हा खरेदी!

भीतीला मापसुद्धा आहे. निफ्टीच्या ऑप्शनांच्या भावांवरून पुढल्या तीस दिवसांतल्या चढउताराचा अंदाज काढतात, तो इंडिया व्हिक्स. ४ जून २०२४ ला लोकसभेचे निकाल लागले आणि निफ्टी जवळजवळ सहा टक्के कोसळला. दुसऱ्या दिवशी व्हिक्स २७ च्या आसपासून १९ च्या आसपास उतरला, आणि निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक चढला.

“पेपरवाल्यांनी लिहिले, मित्रपक्षांचा पाठिंबा मिळाला म्हणून,” भाचा म्हणाला. “ते खरेच. पण मामा, निकालाच्या धास्तीने घेतलेल्या विम्यांची किंमत त्या दिवशी उतरली. त्यांच्यापोटी विकलेले वायदे परत कोणी घेतले, ते कोण लिहिणार?”

मला खटकते ते निराळेच. ही चढण इतकी संथ, इतकी शहाण्यासारखी असते, की माणसाला तो बाजाराचा स्वभावच वाटू लागतो. अमेरिकेत शांततेवरच पैज लावणारी एक रोखे-योजना होती. २०१७ च्या सबंध शांत वर्षात ती फुगत गेली. ५ फेब्रुवारी २०१८ ला तिथले भीतीचे माप १७ वरून ३७ वर गेले, आणि रात्र पडेपर्यंत योजनेची नव्वद टक्क्यांहून अधिक किंमत नाहीशी झाली. तेच चक्र, फक्त उलटे फिरलेले.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला आकडाही मी भाच्यापुढे ठेवला: मागल्या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनांत उतरलेल्या व्यक्तींपैकी शेकडा ९३ तोट्यात. “ते बहुतेक घेणारे असतील,” तो हसून म्हणाला, “मी विकणारा!”

ताई इतका वेळ मेथी निवडत होती. तिने मान वर न करताच विचारले, “तूही विमाच विकतोस ना? मग ती पेढी वायदे विकून ठेवते, तसे तू काय विकून ठेवलेस?”

“आई, त्यात नफा उरत नाही ग.”

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र भाऊजींच्या ग्रॅच्युइटीच्या ठेवीच्या पावत्या पदराखाली घेऊन ती माझ्या घरी आली, आणि माझ्या कपाटात ठेवून गेली.