कसाऱ्याच्या पुढे

प्रवासाची मला विलक्षण हौस आहे. रेल्वेचे वेळापत्रक मी कादंबरीसारखे वाचतो. कोणती गाडी कोठे किती मिनिटे थांबते, कोठला चहा घ्यावा आणि कोठला घेऊ नये, असले ज्ञान माझ्यापाशी भरपूर आहे. कॉलेजची सहल निघाली की मार्ग आखून देण्याचे काम हमखास माझ्याकडे येते. असे असूनही २०२२ ते २०२४ या दोन वर्षांत मी ठाण्याहून कल्याणच्या पलीकडे गेलो नाही, असे सांगितले तर वाचकांना ती थट्टा वाटेल. पण ती थट्टा नव्हे. मला प्रवासाची भीती वाटत होती.

भीती कशाची, असे कोणीही विचारील. अपघाताची? नाही. चोरांची? मुळीच नाही. त्या भीतीला विषयच नव्हता. वर्गात सकर्मक आणि अकर्मक क्रियापदे शिकविण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्याच वाट्याला ही अकर्मक भीती यावी, हा मोठाच विनोद म्हणायचा!

तिची पहिली भेट झाली ती मे २०२२ मध्ये. आम्ही उभयता नागपूरला माझ्या ताईकडे निघालो होतो. रात्रीची गाडी होती. कसाऱ्याला मागून इंजिने जोडली गेली. इगतपुरीपर्यंतचा हा थळघाट सदतिसास एक इतका चढ आहे. पुढच्या एकट्या इंजिनाने तो चढवत नाही, म्हणून बहुतेक गाड्यांना मागून रेटा द्यावा लागतो. ही माहिती मी पत्नीला नेहमीप्रमाणे चौथ्यांदा देत होतो. तोच एका बोगद्यात गाडी थांबली. दिवे चालू होते, पंखे फिरत होते, समोरचे गृहस्थ पुरी-भाजी खात होते. आणि माझ्या छातीत एकाएकी घण पडू लागले. श्वास पुरेना. बोटांना मुंग्या आल्या. तळहात ओले झाले. आपण आता मरतो, किंवा सर्वांसमक्ष वेड लागून ओरडतो, यांपैकी एक नक्की, असे वाटले.

इगतपुरीला आम्ही सामानासह उतरलो. दवाखान्यात ईसीजी काढला, तो अगदी सरळ निघाला. सकाळी टॅक्सीने घरी आलो आणि सुटलो असे वाटले. खरे म्हणजे अडकलो तो त्याच क्षणी.

कारण पुढच्या वेळी तिकीट काढले, तेव्हा भीती आठ दिवस आधीच घरी येऊन बसली. तिकीट रद्द केले आणि तत्क्षणी इतके हलके वाटले, की रद्द करण्याची गोडीच लागली. उत्तरपत्रिका, परीक्षेचे काम, पाहुणे, सर्दी या सर्वांनी मला फार मदत केली. २०२२ च्या भाऊबीजेला ताई नागपूरहून स्वतः आली. २०२३ लाही तीच आली. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, गुडघे दुखणारी बाई, आठशे किलोमीटर रेल्वेने ओवाळणीचे ताट घेऊन भावाकडे येते आणि भाऊ म्हणतो, "अगं, पेपर तपासायचे होते." तिने वाद घातला नाही. नुसते माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मला बराच काळ पुरले.

त्याच सुमारास वर्गात मी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' शिकवीत होतो. १८५७ साली वरसईचा हा तरुण भिक्षुक घरचे कर्ज फेडण्यासाठी चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाला, ऐन बंडात सापडला, झाशीच्या वेढ्यातून जीव वाचवून परत आला आणि पुढे त्याने ते सारे लिहून ठेवले. त्याच्या धैर्यावर मी रंगून बोलत होतो. तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तुम्ही झाशी पाहिली असेल ना?" मी म्हणालो, "सवड कुठे मिळते!" घरी येऊन जेवलो नाही. पत्नी म्हणाली, "अहो, आता पुरे झालं. डॉक्टरांकडे चला."

मानसोपचाराचे डॉक्टर म्हटले की आपल्याकडे अजूनही आवाज खाली येतो. 'याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा मराठी माणसाच्या जिभेवर पिढ्यान् पिढ्या आहे. मी ठाण्यातच राहत असल्यामुळे निदान तेवढा प्रवास तरी वाचला!

डॉक्टरांनी आधी रक्त आणि हृदय तपासून घेतले. मग ते म्हणाले, "घरातली धोक्याची घंटा आग नसताना वाजते, तसं हे आहे. घंटा खरी, आग खोटी." भीतीने श्वास जलद होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि म्हणूनच मुंग्या आणि चक्कर येते. झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग आपोआप ओसरतो. पण माणूस त्याच्या आधीच पळतो आणि पळालो म्हणून वाचलो, अशी त्याची समजूत होते. "तुम्ही इगतपुरीला उतरलात ना, तिथेच भीतीला पगारवाढ दिलीत," असे ते हसून म्हणाले. काही महिने एक गोळी घ्यायची होती. पण खरे औषध होते ते गाडीचेच.

त्यांच्या सांगण्यावरून मी क्लेअर वीक्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरीणबाईंचे १९६२ सालचे पुस्तकही वाचले. तरुणपणी त्यांनाही छातीच्या धडधडीने छळले होते. त्यांचा उपदेश थोडक्यात असा: भीतीला सामोरे जा, ती आहे हे मान्य करा, तिच्याशी झटू नका, पाण्यावर अंग सोडून तरंगावे तसे राहा आणि वेळ जाऊ द्या.

मग माझा अभ्यास सुरू झाला. पहिल्या रविवारी लोकलने टिटवाळा, नंतर आसनगाव, नंतर कसारा. नियम एकच: भीती वाटली म्हणून मध्येच उतरायचे नाही. टिटवाळ्याला मी गणपतीलाही गेलो नाही. स्टेशनवर घाम पुसला आणि परतलो. कसाऱ्याला तिसऱ्या खेपेस चहाची चव लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये दिवसाच्या गाडीने घाट चढलो. बोगद्यात ती आलीच. घण, मुंग्या, सर्व लवाजम्यासह! मी घड्याळ पुढे धरले, श्वास सावकाश सोडीत राहिलो आणि मनाशी म्हणालो, "ये बाई, बैस. जागा आहे." बारा मिनिटांनी ती निघून गेली. इगतपुरी आले. या खेपेस मी उतरलो तो वडा खाण्यासाठी.

त्या वर्षी ताईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते, त्यामुळे ती येणे शक्यच नव्हते. भाऊबीजेच्या आदल्या रात्री मी नागपूरची गाडी धरली. झोप लागली नाही. भुसावळच्या पुढे पुन्हा एकदा धडधडले, पण मी डब्यातच राहिलो. सकाळी दार ताईनेच उघडले, वॉकर धरून. म्हणाली, "आलास? मग असा दारात काय उभा राहून राहिला रे?" तीस वर्षांच्या नागपूरने तिची भाषा बदलली आहे, आवाज तोच आहे.

तिने उभ्यानेच ओवाळले. मग मी तिला सगळे सांगितले: बोगदा, इगतपुरी, रद्द केलेली तिकिटे, खोट्या उत्तरपत्रिका. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि मला वाटलं, बाबांच्या घराच्या वाटणीवरून तुझ्या मनात काही आहे. दोन वर्षं तेच मनाला लावून घेतलं मी."

मला काय बोलावे ते सुचेना. मी भीती लपविली होती ती माझी लाज राखण्यासाठी. तिचे मोल मात्र ताईने भरले होते. छाती धडधडते, एवढे एक वाक्य मी फोनवर बोललो असतो, तर दोन दिवाळ्या वाचल्या असत्या.

भीती पुरती गेली आहे असे मी म्हणणार नाही. अजून तिकीट काढताना ती डोकावते. पूर्वी ती जाईल तेव्हा निघू, असे मी म्हणत असे. आता तिला बरोबर घेऊन निघतो, आणि निघण्यापूर्वी घरात तसे सांगून टाकतो. घाट एकट्या इंजिनाने चढत नाही, हे मी पत्नीला चार वेळा सांगितले होते; ऐकायला हवे होते ते मीच.

यंदाही भाऊबीजेचे तिकीट काढले आहे. त्यानंतर जमले तर झाशी. त्या विद्यार्थिनीला एक पत्र टाकायचे आहे.