पोर्टलँडच्या गॅरेजमधली बिअर

पोर्टलँडमध्ये घरी बिअर बनवणारा माणूस काही चोरूनमारून करत नसतो. गॅरेजचं दार उघडं असतं, उकळत्या माल्टचा गोडसर वास गल्लीभर पसरतो आणि शेजारी येऊन विचारतात, "या वेळी काय लावलंय?" पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कच्या फेज दोनमधली नोकरी सोडून इथे आले, तेव्हा या शहरातली हीच गोष्ट मला सगळ्यांत नवी वाटली. आता सवड मिळेल त्या शनिवारी मीही भांडं चढवते.

हा मोकळेपणा इथे आपसूक आलेला नाही. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली, पण घरगुती बिअरला मुभा मिळायची राहून गेली. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर बिअर स्वतःसाठी करमुक्त बनवता येऊ लागली. दोन प्रौढांच्या घराला दुप्पट. विकायची मात्र नाही. सगळ्या राज्यांनी ही मुभा द्यायला २०१३ उजाडलं. पोर्टलँडचा 'ओरेगन ब्रू क्रू' हा हौशी मंडळींचा क्लब १९७९ चा. अशा हौशी लोकांतूनच पुढे अमेरिकेतल्या कितीतरी छोट्या ब्रुअरी उभ्या राहिल्या.

कृती सांगायला सोपी आहे. मोड आणून वाळवलेलं जव भरडायचं आणि ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. तापमान तीन-चार अंश घसरलं तर बिअर हलकी आणि कोरडी होते, चढलं तर जड आणि गोडसर. मग ते गोड पाणी गाळून तासभर उकळायचं, त्यात हॉप्सची फुलं टाकायची, झटपट वीस अंशांपर्यंत थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. उकळणं संपल्यापासून जी नळी, जो चमचा त्याला लागेल, तो निर्जंतुक हवा. दुसऱ्या दिवशी झाकणावरच्या एअरलॉक नावाच्या झडपेतून बुडबुडे येऊ लागले की जीव भांड्यात पडतो. पुढचे दोन-तीन आठवडे झाकण न उघडता वाट पाहायची. तारीख, तापमान, घनता सगळं वहीत लिहायचं, कारण चव जमली तर ती पुन्हा आणता आली पाहिजे.

हॉप्स इथल्याच मातीतले. विलामेट खोऱ्यात ऑगस्टअखेर त्यांची तोडणी सुरू होते. ताजं फूल तळहातावर चोळलं की पिवळी चिकट पूड बोटांना लागते आणि लिंबूवर्गी फळांचा वास हातावर रेंगाळतो. १९७२ मध्ये लागवडीला आलेली 'कॅस्केड' ही प्रसिद्ध जात ओरेगनमधल्याच संशोधनातून निघाली. आपल्या मिसळणाच्या डब्यालाही या कलेत जागा आहे. बेल्जियन विट बिअरमध्ये परंपरेने संत्र्याची साल आणि धने पडतात. घरचे धने तव्यावर जरा शेकून, खलबत्त्यात नुसते ठेचून घातले की तो सुगंध घोटाघोटाला जाणवतो.

पुण्याला ताज्या बिअरची गोडी नवी नाही. 'डूलाली' या छोट्या ब्रुअरीने २००९ मध्ये पुण्यातच सुरुवात केली. हिंजवडीच्या आसपास बिअर प्यायला जागा हव्या तेवढ्या आहेत. घरी बनवायची मात्र मुभा नाही, कारण १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. या कडकपणामागची भीती मी समजू शकते. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली. पण ते बळी मिथेनॉलचे होते. जव आंबवून बनवलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल जीव घेण्याइतकं तयारच होत नाही, आणि ती भट्टीवर गाळतही नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की हातभट्टी आणि हौशी माणसाचं भांडं यांत कायद्याने फरक करावा. वर्षाला ठरावीक लिटर, फक्त स्वतःसाठी, विक्रीला सक्त मनाई आणि उत्पादन शुल्क खात्याकडे साधी नोंदणी, इतकं पुरे आहे. ही मुभा मिळाली, तर ज्वारी-नाचणीच्या माल्टचे उत्तम प्रयोग हिंजवडीत होतील याची मला खात्री आहे. मोजमाप सांभाळणारी, नोंदी ठेवणारी आणि बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून तपासून पाहणारी माणसं तिथे हजारोंनी राहतात.