उतरायला शेत कुठे आहे?

विठ्ठलवाडीहून मलंगगडाच्या बाजूला निघालं की नेवाळी लागते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन विमानांसाठी धावपट्टी केली. आजच्या उल्हासनगरच्या जागी तेव्हा लष्कराची छावणी होती. ‘कॅम्प’ हा शब्द त्यामुळेच अजून आमच्या तोंडी आहे. माझ्या लहानपणी त्या वाटेवर भातखाचरं आणि गवताचे माळ होते. दिवाळीनंतर कापणी उरकली की सगळी जमीन मोकळी पडायची.

जुन्या वैमानिकांचा जीव अशाच जमिनीच्या भरवशावर असे, कारण इंजिनाचा भरवसा नसे. १९३० साली आगाखान पारितोषिकासाठी इंग्लंड आणि भारत यांच्या दरम्यान एकट्याने विमान नेण्याची स्पर्धा लागली होती. सतरा वर्षांचे अस्पी इंजिनियर इजिप्तमध्ये अबूकीरला स्पार्क प्लगवाचून अडकले. समोरून आलेले त्यांचे प्रतिस्पर्धी जे. आर. डी. टाटा. त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले, आणि स्पर्धा अस्पींनी जिंकली! याच टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला टपाल आणलं. पस मॉथ विमान, एकच इंजिन, रेडिओ नाही. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून तेवढे महिने मुक्काम पुण्याला हलवत.

आता इंजिनं पुष्कळ सुधारली. तरी इंधनात पाणी शिरलं किंवा कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला, तर लहान विमानाचं इंजिन आजही बंद पडतं. पंखा थांबला म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. सेसना १५२ ताशी सुमारे ११० किलोमीटरचा वेग राखून तरंगत खाली येतं. हजार फुटांवरून जेमतेम पावणेतीन किलोमीटर, वेळ दीड मिनिट. तेवढ्यात वारा बघायचा, विजेच्या तारा टाळायच्या, शेत निवडायचं. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीच निघालेली २२ वर्षांची शिकाऊ वैमानिक इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत विमानासह शेतात कोसळली आणि किरकोळ जखमांवर बचावली. खाली शेत होतं, म्हणून हे घडलं असं मी मानतो.

विठ्ठलवाडी स्टेशनभोवती पावणेतीन किलोमीटरचं वर्तुळ काढून पाहा. उल्हासनगरचे कॅम्प, कल्याण पूर्वेच्या इमारती, कारखान्यांचे पत्रे, काठ दाबलेली वालधुनी. विमान टेकेल असा सलग पट्टा त्यात कुठेच नाही. जिथे शेतं होती तिथे टॉवर उठले, आणि त्याची किंमत आकाशातल्या माणसालाही मोजावी लागणार आहे.

नेवाळीची जमीन परत मिळावी म्हणून जून २०१७ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा गोष्ट हिंसाचारापर्यंत गेली. माझं मागणं सरळ आहे. ती जमीन ज्यांची होती त्यांना द्या, आणि तिथे भातच पिकू द्या. बिल्डरांच्या हाती मात्र ती जाऊ देऊ नका.